माळ्यावरचे चाळीस नकाशे

माझा नातू परवा मला म्हणाला, "आज्जी, तू किती देश फिरलीस गं?" मी म्हटलं, एकही नाही, आणि आपलासुद्धा धड फिरले नाही. दक्षिणेत बेळगावच्या पुढे गेले नाही, वर एकदा नाशिकला गेले तेही लग्नाला. त्याला खोटंच वाटलं. कारण टीव्हीवर कुठल्या गावाचं नाव आलं की मी पटकन सांगते, तिथं काय पिकतं, पाऊस कधी पडतो, लोक कशाबरोबर काय खातात. हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकातनं मिळालेलं नाही. ते आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत, मेथीच्या वासात आणि आप्पांच्या शिव्या खात मिळालं. ते एकदा लिहून ठेवते, नाहीतर मी गेल्यावर ह्या पोरांना वाटेल आज्जी नुसत्या गप्पा ठोकायची.

आप्पा म्हणजे माझे वडील. गिरणीत सूत कातायच्या साच्यावर, म्हणजे मशिनीवर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, लिहिणाऱ्यांनी लिहिलंय. मला एवढंच आठवतं की ज्या माणसाला पाळीवर जाताना उशीर होईल म्हणून आम्ही मोरी मोकळी करून द्यायचो, तो माणूस सकाळी दहापर्यंत भिंतीला टेकून बसायला लागला. देवाच्या फळीवर एक बॉबिन होती, पांढऱ्या सुताने भरलेली. शेवटच्या दिवशी खिशातून आणलेली. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. एरवी तिला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा परकराची नाडी घालायला तिचा दोरा घेतला तर आप्पांनी मला जे बोलून काढलं ते मी आजतागायत विसरले नाही. आई त्यांना काही बोलायची नाही, पण भांडी घासताना जो आवाज करायची त्यातनं सगळं कळायचं.

गुढीपाडव्याला आप्पांनी जाहीर केलं, "शाळा सुरू होवच्या आधी काय्येक झाला नाय तर गावाक जावया. हयसर आता काय ठेवलेला हा?" घरात आम्ही मालवणी बोलायचो, बाहेर मुंबईची. आई म्हणाली, "आणि पोरीचा शिक्षण?"  आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. कॉलेज म्हणजे दोन एसट्या बदलून, आणि तेही मुलींना कोण पाठवतोय. गावी जाणं म्हणजे माझी पुस्तकं बंद, आणि वर्षादोनवर्षांत कुणीतरी पाहायला येणार, हे मला आरशासारखं दिसत होतं. मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते आणि मनातल्या मनात गावाला शिव्या देत होते. गावाने माझं काय वाईट केलं होतं, पण देत होते.

अशात गायकवाड सर आले. सर आमच्या वरच्या ओळीत राहायचे. जालन्याकडचे, बौद्ध, घरात शिरलं की समोर बुद्धाची तसबीर आणि खाली भूगोलाच्या पुस्तकांची चळत. ते जवळच्याच एका शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या संस्थेच्या सगळ्या शाळांना मिळून, शाळा सुरू व्हायच्या आत, चाळीस नकाशे हवे होते, आणि त्याचे पैसे मिळणार होते. साधे कागदी नाहीत. लाकडी फळीवर उठावाचे, डोंगर हाताला लागला पाहिजे, नदी बोटाने चाचपता आली पाहिजे, आणि जिथं जे पिकतं ते तिथं खरंखुरं चिकटवलेलं. सर म्हणाले, "परब, पोरांना गहू आणि सातूतला फरक कळत नाही हो. फळ्यावर पंजाब लिहितो नि गहू लिहितो, पोरं पाठ करतात. हाताला लागू द्या की त्यांच्या." आप्पांनी आयुष्यात नकाशा केला नव्हता. पण गणपतीच्या दिवसांत गावी मखर तेच करायचे आणि कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालून टोपल्या लिंपायची कला आईकडे होती. सरांना हे माहीत होतं. ते उगाच नाही आले.

तर आमच्या घरात भारत सुरू झाला. बादलीत रद्दी भिजत पडलेली, पाट्यावर मेथी, सगळ्या घराला तो कडवट वास. माझ्या केसांना इतका वास यायचा की बसमध्ये बायका वळून बघायच्या. आई लगदा मळायची, आप्पा हिमालय लावायचे, मी रंग द्यायचे: मैदान हिरवं, पठार पिवळं, डोंगर तपकिरी. सह्याद्री मात्र आप्पा मला लावू देत नसत. "तो माझो," म्हणायचे. फळीवर सह्याद्री म्हणजे काय, करंगळीएवढी लांबट वळकटी. पण त्यात त्यांनी फोंड्याचा घाटसुद्धा नखाने कोरलेला, चाळीसच्या चाळीस फळ्यांवर. कुणाला दिसणार होता तो! मी हसले तर म्हणाले, "आपल्याक दिसता ना? झाला."

मग प्रश्न आला पिकांचा. वाण्याकडनं आणलेले गहू पंजाबात चिकटवले तर चालेल की, मी म्हटलं. सर म्हणाले, चालेल, पण आपल्या डोंगरावर अख्खा देश राहतो शैला, मग वाण्याकडचे कशाला? आणि खरंच होतं ते. आमच्या डोंगराखालून जो रस्ता जातो त्याला तेव्हा सगळे आग्रा रोडच म्हणायचे, आणि मला लहानपणी वाटायचं की एखाद्या दिवशी चालतच राहिलं तर संध्याकाळपर्यंत आग्रा येईल. तो रस्ता आग्र्याला नेत नव्हता तरी तिकडची माणसं मात्र आणून सोडत होता. झालं, उन्हाळ्याची सुट्टी, जो तो गावी जायचा मोसम, मी दारोदार फिरून सांगितलं: येताना मूठभर आणा. जे तुमच्याकडं पिकतं ते.

काय काय आलं! गॅरेजवाल्या सरदारजींनी पिशवीभर गहू आणला, वर मला दम दिला, "पूरा पंजाब भरना, कंजूसी नहीं." इस्त्रीवाल्याने बिहारचा कोळसा म्हणून कोळसा दिला, तो सरांनी हातात घेतला आणि म्हणाले हा लाकडी, त्याच्याच शेगडीतला. मग रुळांच्या कडेला सापडलेला दगडी कोळसा मी वेचून आणला. खालच्या ओळीतली नर्स थंकम्मा केरळची. तिने मिरी आणली आणि वर स्वतः येऊन आमच्या जमिनीवर मांडी घालून बसली. "इथे नको. जरा वर. आमचा इडुक्की वर आहे," असं करत तिने चाळीस फळ्यांवर मिरी आपल्या हाताने लावली. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या मुरुगनने सांगितलं की त्यांच्याकडे तामिळनाडूत पाऊस दिवाळीला पडतो. आप्पांचा विश्वास बसेना. "दिवाळीक पावस? मगे फटाके खंय फोडतत हे?" सरांनी दोन वारे, दोन समुद्र, असं बरंच समजावलं. आप्पांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर होतं की पाऊस म्हणजे सात जूनला आपल्या अंगणात सुरू होतो आणि मग उरलेला असेल तर इतरांना मिळतो.

हसू नका, सगळ्यांचं तसंच असतं. गायकवाड काकी, म्हणजे सरांची बायको, लग्न होऊन नवीन आली तेव्हा तिने जुलै महिन्यात ज्वारीचे पापड वाळत घातले होते. तिच्या माहेरी जुलैतसुद्धा चार-चार दिवस ऊन पडायचं. इथं तिसऱ्या दिवशी पापडांना केस आले. सगळी ओळ हसली, काकी रडली. माणूस गाव सोडून येतो तेव्हा ट्रंकेत कपडे असतात आणि डोक्यात गावची हवा असते. कपडे बदलतात, हवा बदलत नाही. आमची पण पाळी येणारच होती.

फक्त मिठाचं अडलं. कच्छला आणि राजस्थानात सांभरला मीठ लावायचं होतं. आमचे वाणी वेलजीशेठ कच्छचे, पण ते गावी जाणार दिवाळीला. आप्पा म्हणाले, "मीठ ता मीठ. कच्छचा काय नि कांजूरचा काय." कांजूरला पूर्वेकडे तेव्हा मैलोन्मैल मिठागरं होती, अजूनही थोडी आहेत, हायवेवरनं जाताना पांढरे ढीग दिसतात. आम्ही दोघं बसने गेलो, रूळ ओलांडून चिखलाच्या बांधावरनं चालत. तिथे जोमाकाका म्हणून एक आगरी म्हातारे होते, उन्हात तापून काळेभोर, डोक्याला फडकं. त्यांनी ताजं ओढलेलं, चमचमणारं जाडं मीठ आमच्या पिशवीत भरलं. आप्पा इतके खूश झाले, म्हणाले, "हिऱ्यासारखा दिसता." मी सरस लावून एकेक खडा बसवला. कच्छ असं झळकायला लागलं की वेलजीशेठ दुकान सोडून बघायला आले आणि त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्यांना मीठ कुठलं ते सांगितलं नाही. काय सांगणार होते, अहो हे कांजूरचं आहे म्हणून?

मे महिन्याच्या मध्याला चाळीस नकाशे तयार झाले. फक्त एका ठिकाणी काही लावलं नव्हतं. मुंबईवर प्रत्येक फळीत पेन्सिलीचा नुसता गोल होता. सर म्हणाले होते, "परब, मुंबईला सूत लावा. सगळ्या जगाला माहीत आहे." आप्पा म्हणाले, नंतर बघू. सरांनी परत विचारलं नाही.

आता ठेवायचे कुठे? खोलीत आम्ही तिघं, एक खाट, एक कपाट. आप्पांनी एका क्षणात ठरवलं: माळ्यावर, रांधायच्या जागेच्या वर. आमच्या कोकणात पावसाळ्यासाठी जे जे जपायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. मीठ, कोकमाची सोलं, बियाणं, सुकी मासळी. खाली दिवसभर लाकडाची चूल पेटलेली, धूर वर जातो, चार महिने पाऊस कोसळला तरी त्या माळ्यावर आगपेटीसुद्धा सादळत नाही. हे आप्पांच्या रक्तात होतं. आई हळूच म्हणाली, "अवो, हयसर धूर खंय हा? स्टोव्ह हा. नुसती वाफ जाता वर." आप्पा म्हणाले, "गप रव. माझ्या आवशीन जल्मभर चुलीवरच्या माळ्यार ठेवल्यान, काय झाला?" आवस म्हणजे त्यांची आई, माझी आजी. आई परत स्टोव्हकडे वळली. ज्या बाईने रोज सकाळी पेज आणि दोन वेळचा भात त्या स्टोव्हवर शिजवला तिला माहीत होतं वर काय जातं ते. पण ऐकणार कोण? आप्पांनी सगळ्या फळ्या पाटीसारख्या उभ्या रचल्या, हिमालय वर, कन्याकुमारी खाली. मी म्हटलं आडव्या ठेवूया, नाहीतर उलट्या, जास्त मावतील. "देश उलटो ठेवूचो नाय," म्हणाले.

पाऊस यायला अजून अवकाश होता. पण मुंबईत पावसाच्या आधी जे दिवस येतात ते ज्याने काढलेत त्यालाच माहीत. हवा अंगाला चिकटते, भिंतीला हात लावला तर ओला होतो, माणूस नुसता बसल्या जागी निथळतो. त्यातल्याच एका सकाळी आई पेजेला ढवळत होती आणि तिच्या मानेवर थेंब पडला. ती वर बघत बसली. पत्रे कोरडे, आभाळ कोरडं. दुसरा थेंब हातावर पडला. तिने तो जिभेला लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शैले, खारट हा गो."

मी शिडी लावून वर गेले. पहिली फळी ओढली आणि मला ओरडायलासुद्धा सुचलं नाही. कच्छ गेलं होतं. मिठाचं पाणी होऊन खाली ओघळलं होतं, आणि माझा निळा अरबी समुद्र फोड येऊन सोलपटून लोंबत होता. सांभरचं मीठ माळव्यावरनं, खानदेशावरनं, सरांच्या जालन्याच्या शेजारनं थेट कर्नाटकापर्यंत उतरलं होतं, जिथनं गेलं तिथं रंग फाटलेला. दुसरी फळी तशीच. दहावी तशीच. चाळीसाव्या फळीपर्यंत मी रडत होते. खाली आप्पा विचारत होते, "काय झाला? अगो, काय झाला?" मी एक फळी खाली दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, बोटाने तो ओघळ वरपासून खालपर्यंत चाचपला. आईने स्टोव्ह बंद केला. मग म्हणाले, "बांध सामान. गावाक जावया."

आई "मी सांगितलेलं" असं म्हणाली नाही. मी वाट बघत होते ती म्हणेल म्हणून. मी असते तर म्हटलं असतं, दहा वेळा. तिने खाटेखालून जुनी चादर काढली, मोठा टोप, कढई, परात त्यात ठेवली आणि गाठ मारली. गाठोडं दारामागे उभं राहिलं. शाळा सुरू व्हायला बारा दिवस होते.

मला असा संताप आला होता! आप्पांवर, आईच्या गप्प बसण्यावर, पण माणूस संताप काढतो कुठं, तर परक्यावर. मी ते ओलं मीठ रुमालात बांधलं आणि बस पकडून कांजूरला गेले, जोमाकाकांशी भांडायला. बांधावरनंच ओरडत गेले, "काका, तुमचं मीठ खोटं आहे! आमची वाट लागली!" म्हाताऱ्याने रुमाल उघडला, बोट लावून चाखलं आणि हसला. "नवा मीठ न्हेलंस बाय, आन आता भांडाला आलीस? नवा मीठ रडतंच. त्यात कडू पाणी असतं. एक पावसाळा ढिगात गवताखाली बसवला की कडू पाणी खाली झिरपून जातं, मंग ते गुमान राहतं. तुज्या बापाने विचारला नाय, मी बोललो नाय. मला वाटला लोणच्याला न्हेताव." मग विचारलं, "ठेवलंस कुठं?" मी सांगितलं, चुलीवरच्या माळ्यावर, खाली भात शिजतो. त्याने कपाळाला हात लावला. "आरं देवा! तिथं त जुना बी रडंल."

त्याने मागच्या सालच्या ढिगातलं मीठ काढून दिलं. ते काही हिऱ्यासारखं नव्हतं, जरा मळकं होतं. मी ते मांडीवर घेऊन बसमध्ये बसले आणि घाटकोपर येईपर्यंत एकच विचार करत होते: अर्धी चूक मिठाची आणि अर्धी माळ्याची. आप्पांना किती सांगायची? आधीच गिरणीने त्यांचं कंबरडं मोडलेलं. त्यात आता हे, की तुमच्या आईकडनं जे शिकलात तेही इथं उपयोगाचं नाही. मी घरी येऊन म्हटलं, "आप्पा, ता मीठच वायट होता. नवा होता. जोमाकाका म्हणाले चूक त्यांची." साफ खोटं. आईने माझ्याकडे बघितलं. मी मोरीत जाऊन तिच्या कानात उरलेलं अर्धं सांगितलं. ती म्हणाली, "बरा केलंस." आप्पांनी मिठाची पिशवी हातात घेतली. मग उठून स्वतःच फळ्या खाली काढायला लागले.

त्या बारा दिवसांत आमच्या घरात भात शिजला नाही. हे वाक्य कोकणी माणसानेच वाचावं म्हणजे त्यातली गंमत कळेल. फळ्या आता जमिनीवर, खाटेवर, कपाटाला टेकून, सगळीकडे. खोलीत वाफ नको म्हणजे नको. वाफेचं नाव न काढता आईने आप्पांना सांगितलं, रेशनला तांदूळ आले नाहीत. डबा भरलेला होता, तो तिने दारामागे चादरीच्या गाठोड्यात लपवला! आणि गायकवाड काकीकडे जाऊन ज्वारीची भाकरी शिकली. पहिल्या दिवशी तिच्या भाकरीचे तीन तुकडे झाले, दुसऱ्या दिवशी आंध्रासारखा काहीतरी आकार आला. काकी कमरेवर हात ठेवून हसायची, "आता कळलं का, माझ्या पापडाला हसत होतात ते?" ज्वारीची भाकरी, आचेवर भाजलेला सुका बांगडा आणि कांदा. सकाळ-संध्याकाळ तेच. माझ्या घशाखाली उतरेना. आप्पा निमूट जेवायचे. एक दिवस तरी त्यांनी पेज मागितली का? नाही. भात कधी येणार म्हणून विचारलं का? नाही. मला तेव्हा वाटलं, बिचाऱ्याचं लक्षच नाही.

मीठ तव्यावर भाजून घेतलं, खडा खडा परत बसवला, आणि ह्या वेळी वर लाकडाला लावायचं पॉलिश फिरवलं. समुद्र मी चाळीस वेळा परत रंगवला. वेलजीशेठ आपण होऊन येऊन बसले. मी त्यांना एकदाचं खरं सांगून टाकलं, शेठ हे मीठ कांजूरचं. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच ठाऊक होता रे. आमचा खडा मोठा असते. पण दिसला छान ना, बस." थंकम्मा ड्युटीवरनं येऊन सुटलेली मिरी चिकटवायची. सर मराठवाड्यावरचा रंग स्वतः लावायचे आणि पुटपुटायचे, "आमच्याकडे एरवी पाणी येत नाही, आलं तर खारट आलं बघा."

बाराव्या दिवशी हातगाडीवर चादरी घालून आम्ही नकाशे शाळेत नेले. गाठोडं अजून दारामागेच होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई कडक, बारीक चष्म्याच्या. त्यांनी एकेक फळी भिंतीला लावून बघितली. गंगेवरनं बोट फिरवलं, आसामचा चहा हुंगला, आणि मग कच्छवर बोट दाबून ते जिभेला लावलं.  "पॉलिश केलंत वाटतं. पण मीठ खरं आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि मुंबईवर थांबलं. "हे का रिकामं? मुंबईत काहीच नाही का हो?"

सर काहीतरी बोलायला गेले. आप्पांनी त्यांना हाताने थांबवलं.  म्हणाले, "आहे बाई. उद्या लावून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळ केली, देवाला हात जोडले आणि फळीवरची बॉबिन उचलली. मी आणि आई बघतच राहिलो. शाळेत जाऊन त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "धर घट्ट." सुताचं टोक सोडवलं आणि ओढायला लागले, आणि दातांनी नाही, कात्रीनेही नाही, साच्यावर तोडतात तसं बोटाच्या एका हिसक्याने बोटभर धागा तोडला. मी तो हिसका त्याआधी कधी बघितला नव्हता. बाप काय काम करतो ते मला पहिल्यांदा त्या दिवशी दिसलं, काम गेल्यानंतर. चाळीस धागे. एकेकाची बारीक गुंडाळी करून त्यांनी चाळीस मुंबयांवर बसवली. बाई उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "परब, संस्थेला जिल्ह्याचे नकाशेही हवे आहेत. तालुका दिसला पाहिजे, पीक दिसलं पाहिजे. कराल का?" आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "करू. निकाल लागला की ही कॉलेजात जाईल, सकाळचं कॉलेज असतं ना? दुपारी रंग देईल."

असं माझं पुढचं शिक्षण ठरलं, मुख्याध्यापिका बाईंच्या ऑफिसात, मला न विचारता. मी बॉबिन हातात घेऊन रडत होते आणि बाईंना वाटलं मला सरसाचा वास सहन होत नाही. त्यांनी खिडकी उघडली.

त्यातली एक फळी आज माझ्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये आहे. शाळेने टाकून दिली तेव्हा सरांनी आणून दिली. गहू किड्यांनी खाल्ला, कापूस काळा पडला, थंकम्माच्या मिरीतले चार दाणे उरलेत. मीठ मात्र आहे, आणि तो धागा आहे. नातू त्यावर बोट ठेवून विचारतो, इथं दोरा का? मी सांगते. तो ऐकतो तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजतो.

पण मला सांगायची होती ती त्या दिवशीची दुपार. आम्ही शाळेतनं घरी आलो. आईने दारामागचं गाठोडं ओढलं, गाठ सोडली, मोठा टोप काढला, आणि त्याच्याखालनं तांदळाचा भरलेला डबा. आप्पांच्या देखत. मला धडकी भरली, आता विचारतील रेशनचं. ते जाऊन भिंतीला टेकले. आईने टोपभर भात चढवला. बारा दिवसांनी त्या खोलीत भाताचा वास पसरला. आधण आलं, झाकण थडथडायला लागलं, पांढरी वाफ भसाभस वर, रिकाम्या माळ्याकडे जायला लागली. आईने वर बघितलं, मग आप्पांकडे बघितलं आणि म्हणाली, "आता वाफ खंय जाऊची ती जाऊंदे."

आप्पा भिंतीला टेकले होते. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते असे हसायला लागले की डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. गिरणी बंद पडल्यापासून पहिल्यांदा. तेव्हा मला उमगलं की त्यांना सगळं ठाऊक होतं, मिठाचं, माळ्याचं, माझ्या खोटं बोलण्याचं, आणि बारा दिवस भाकरी का होती त्याचंही. डोळे पुसत त्यांनी आपलं ताट स्वतः ओढून घेतलं आणि आईला म्हणाले, "वाढ. पण माझ्या आवशीक तेवढा सांगू नको."